दहा बाय चौदाचा हॉल आणि कॅनन १५००डी : चार वर्षांच्या वापरानंतर

आमच्या डोंबिवलीच्या घरातला हॉल दहा फूट बाय चौदा फुटांचा आहे. त्यात वीस वॅटची एक एलईडी ट्यूब आहे, दिवाणामागे एक खिडकी आहे आणि समोर उभ्या राहिलेल्या इमारतीमुळे त्या खिडकीतला उजेड दुपारी चारनंतर संपतो. मुलीच्या पहिल्या वाढदिवसापासून सासूबाईंच्या पंच्याहत्तरीपर्यंत आमच्या कुटुंबाचे बहुतेक फोटो याच खोलीत निघाले आहेत. कॅमेरा निवडताना या खोलीचा विचार सर्वांत आधी करायला हवा होता. मी तो सर्वांत शेवटी केला. २०२१च्या दिवाळीआधी घेतलेल्या कॅनन ईओएस १५००डी या कॅमेऱ्याचे हे परीक्षण त्यामुळे काही अंशी माझ्या निवडीचेही परीक्षण आहे.

पन्नास हजार रुपयांची मर्यादा घरात ठरली होती आणि कॅमेरा, लेन्स, कार्ड, पिशवी असे सगळे त्यातच बसवायचे होते. सीएसएमटीला उतरून बोरा बाजारात शिरले, तेव्हा पहिल्याच दुकानात प्रश्न आला, "मॅडम, किती मेगापिक्सेलचा दाखवू? आणि झूम किती पाहिजे?" फोटो कुठे काढणार, कोणाचे काढणार, घरात की बाहेर, हे त्या दिवशी फिरलेल्या चार दुकानांपैकी एकाही दुकानात कोणी विचारले नाही. एका ठिकाणी "बिल नको असेल तर जीएसटी वाचेल" असा सल्ला मात्र आपणहून मिळाला. डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी १ जानेवारी २०१९पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. तो वाचवण्याच्या नादात पक्के बिल सोडून दिले, तर पुढे वॉरंटीसाठी दाखवायला हातात काहीच उरत नाही. मी तिथून उठले.

काचेच्या कपाटातून सर्वांत आधी बाहेर येतात ते खिशात मावणारे छोटे कॅमेरे. त्यांच्यावर २० मेगापिक्सेल असे ठळक छापलेले असते आणि किंमतही सोसवणारी असते. पण त्यांतल्या स्वस्त कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा तुकडा, साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो. करंगळीच्या नखापेक्षाही लहान. आजच्या मध्यम किमतीच्या अनेक फोनांतला मुख्य सेन्सर याहून मोठा असतो आणि शिवाय फोन आठ-दहा फोटो एकावर एक रचून अंधार सावरून घेतो, जे या छोट्या कॅमेऱ्यांना जमत नाही. लांबच्या झूमची खरोखर गरज असेल तरच त्यांचा विचार करावा. एरवी घरच्या फोटोंसाठी असा कॅमेरा घेण्यापेक्षा हातातला फोनच बरा आणि वाचलेल्या पैशांत फोटोंच्या प्रिंट काढाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

मेगापिक्सेलचा बाऊ किती करायचा, याचा हिशेब सोपा आहे. सहा बाय चार इंचांच्या प्रिंटला इंचामागे ३०० ठिपके धरले तरी १८०० बाय १२०० म्हणजे जेमतेम साडेएकवीस लाख पिक्सेल पुरतात. १५००डी हा २४.१ मेगापिक्सेलचा, म्हणजे सुमारे दोन कोटी एकेचाळीस लाख पिक्सेलचा आहे, त्याचा फोटो ६००० बाय ४००० असतो आणि त्यातून बारा बाय अठरा इंचांचे अल्बमचे पानही निवांत छापता येते. याहून मोठा आकडा घरगुती माणसाला फक्त हार्ड डिस्क भरण्याच्या कामी येतो.

आता प्रत्यक्ष कॅमेऱ्याविषयी. १५००डी भारतात २०१८ साली आला. हाच कॅमेरा युरोपात २०००डी आणि अमेरिकेत रेबेल टी७ या नावाने विकला गेला, हे माहीत असावे, कारण इंटरनेटवर मदत शोधताना त्या नावांनी बरेच जास्त सापडते. सेन्सर २२.३ बाय १४.९ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने वर सांगितलेल्या छोट्या कॅमेऱ्याच्या जवळजवळ बारा पट. बॅटरी आणि कार्डासह नुसत्या बॉडीचे वजन ४७५ ग्रॅम. फोकसचे बिंदू नऊच आहेत आणि त्यांतला फक्त मधला बिंदू कमी उजेडात भरवशाचा आहे, म्हणून मी तो एकटाच निवडून ठेवला आहे. सेकंदाला तीन फोटो निघतात. मागचा पडदा तीन इंचांचा, न वळणारा आणि स्पर्शाला दाद न देणारा आहे. आमच्या मुलीने बोलू लागल्यावर एकदा त्यावर बोट फिरवून पाहिले आणि "आई, हा बिघडलाय" असे जाहीर केले. पडदा वळत नसल्यामुळे रांगत्या मुलाचा फोटो त्याच्या नजरेच्या उंचीवरून काढायचा, तर आपल्यालाही फरशीवर पालथे पडावे लागते. पहिले वर्षभर मी ते निष्ठेने केले.

कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स हाच या खरेदीतला खरा विचार करण्याजोगा भाग आहे. ही लेन्स १८ला, म्हणजे सर्वांत रुंद दृश्य घेताना, एफ/३.५पर्यंत उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे तोंड मोठे आणि उजेड जास्त) आणि ५५ला पोचेपर्यंत तिचे तोंड एफ/५.६ इतके बारीक होते. आमच्या हॉलमध्ये, संध्याकाळी, फक्त ट्यूबच्या उजेडात, आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाला असलेली संवेदनशीलता, १६००वर ठेवून एफ/५.६ने फोटो काढला की शटर, म्हणजे उजेड आत सोडण्याचा वेळ, सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत खाली येतो. एवढ्या वेळात स्वस्थ बसलेल्या सासूबाई नीट येतात. चालायला शिकलेले मूल येत नाही. लेन्सवर आयएस ही अक्षरे असतील तर ती आपल्या हाताची थरथर सावरते, पण समोरच्याची हालचाल थांबवणे तिच्या हातात नसते, हा फरक दुकानात कोणी समजावून सांगत नाही. आमच्या मुलीच्या पहिल्या पावलांचे माझ्याकडे एकूण एकतीस फोटो आहेत. त्यांपैकी सत्तावीस फोटोंत भिंतीवरचे कॅलेंडर अगदी तारखा वाचता येतील इतके स्पष्ट आहे आणि पुढे गुलाबी झबल्याचा एक फराटा आहे. चूक कॅमेऱ्याची नव्हती. सेकंदाच्या तिसाव्या भागात चालते मूल टिपू पाहणाऱ्या माझी होती.

या अडचणीवरचा उपाय मला दोन महिन्यांनी सापडला. ५० मिलिमीटर एफ/१.८ एसटीएम ही लेन्स नव्याने साधारण दहा हजारांच्या आसपास मिळते, तिचे वजन १६० ग्रॅम आहे आणि तिच्यात झूम नाही. एफ/५.६च्या तुलनेत एफ/१.८ला जवळजवळ दहा पट प्रकाश आत येतो. त्याच खोलीत, त्याच ट्यूबखाली, त्याच आयएसओला शटर तिसाव्या भागावरून अडीचशेव्या भागावर गेला आणि मुलीच्या हातातून निसटलेला मुरमुऱ्यांचा लाडू जमिनीवर पोचण्याआधी फोटोत स्थिर झाला. लाडवाचा एक मुरमुरा त्याच्यापासून बोटभर अंतरावर हवेत आहे. माझ्या दृष्टीने कॅमेऱ्याचे पैसे त्या दिवशी वसूल झाले, फक्त ते वसूल करून दिले लेन्सने.

म्हणूनच दुकानात जी दोन लेन्सची जोडी आग्रहाने पुढे केली जाते, ज्यात १८-५५सोबत ५५-२५० मिळते, ती कुटुंबाच्या फोटोंसाठी घेऊ नये असे मी सांगेन. ५५-२५० ही शाळेच्या स्नेहसंमेलनात मागच्या रांगेतून मूल टिपण्यासाठी किंवा बागेतल्या पक्ष्यांसाठी ठीक आहे, पण वर्षातून एका संध्याकाळी लागणाऱ्या लेन्सवर पैसे अडकवण्यापेक्षा रोज संध्याकाळी लागणारी ५० घ्यावी. जोडीसोबत "फ्री" मिळणारा तिपायी स्टँड आमच्या शेजाऱ्यांकडे आहे. त्यावर सध्या त्यांचा मोबाइल वाळत घातल्यासारखा लटकत असतो.

५०च्या दोन मर्यादा मात्र घेण्याआधी समजून घ्याव्यात. पहिली मर्यादा अंतराची. या सेन्सरवर दहा फूट रुंदीचा घोळका ५० लेन्सच्या चौकटीत बसवायचा, तर साडेबावीस फूट मागे जावे लागते. आमचा हॉल चौदा फुटांवर संपतो आणि पुढे जिना लागतो. तोच घोळका किट लेन्सने १८वर आठ फुटांतून बसतो. सुदैवाने ग्रुप फोटोत माणसे हलत नाहीत आणि १८ला किट लेन्स एफ/३.५पर्यंत उघडते, त्यामुळे शटर ऐंशीव्या भागाच्या आसपास मिळतो आणि काम भागते. म्हणजे घोळक्यासाठी किट लेन्स आणि एकट्या-दुकट्यासाठी ५०, अशी वाटणी आपोआप होते. १८ला एक खोड आहे : चौकटीच्या अगदी कडेला उभी असलेली माणसे रुंद दिसतात. आमच्या नणंदबाईंनी हे पहिल्याच फोटोत हेरले आणि तेव्हापासून त्या कायम मधोमध उभ्या राहतात. शक्य असेल तिथे तीन पावले मागे जाऊन लेन्स २४वर आणली, तर घरातली शांतता टिकते.

दुसरी मर्यादा फोकसच्या खोलीची. एफ/१.८ने दोन मीटरवरून फोटो काढला, तर जेमतेम दहा-अकरा सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. सासूबाईंच्या मांडीवर नात बसलेली असा एक फोटो मी अभिमानाने मोठा छापून आणला, तेव्हा नातीच्या पापण्या मोजता येत होत्या आणि सासूबाईंचा चेहरा धुक्यात गेला होता. "माझा काही मोतीबिंदू नाही ना गं?" असे त्यांनी चष्मा पुसत विचारले. दोन माणसे पुढे-मागे बसली असतील तर एफ/४पर्यंत जावे, पट्टा दुपटीने वाढतो. उजेड कमी पडला तर आयएसओ ३२००पर्यंत चढवावा. ३२००वर या कॅमेऱ्याच्या फोटोत रव्यासारखे थोडे ठिपके दिसतात, पण सहा बाय चारच्या प्रिंटमध्ये ते दिसतही नाहीत. ६४०० मी फक्त केक कापताना दिवे घालवले जातात तेव्हा वापरते.

आणि तो फ्लॅश. कॅमेऱ्याच्या टोपीतून उघडणारा छोटा फ्लॅश घरात वापरू नये, हे माझे मत भाऊबीजेच्या एका फोटोमुळे बनले. मुलगी पहिल्यांदाच चुलतभावाला ओवाळत होती, ताटात निरांजन होते, सुपारी आणि अक्षता होत्या आणि त्या एका ज्योतीचा पिवळा उजेड दोघांच्या हनुवटीखालून चढत होता. कॅमेरा हिरव्या ऑटो मोडवर होता, त्याने अंधार ओळखून फ्लॅश उघडला आणि चमकवला. फोटोत ताटाचे पितळ पांढरेफटक झाले, चेहरे पिठासारखे, मागच्या भिंतीवर दोन काळ्या सावल्या, आणि निरांजनाची ज्योत तर शोधावी लागली. मोडच्या चकतीवर फ्लॅश बंद ठेवणारी वेगळी खूण आहे. सणासुदीला घरातल्या कोणाच्याही हातात कॅमेरा देण्यापूर्वी चकती तिथे फिरवून द्यावी. पुढच्या वर्षी ५० लेन्सने, फ्लॅशशिवाय, तोच प्रसंग टिपला. ज्योत जागेवर होती.

वेगळा फ्लॅश छताकडे वळवून मारला, तर पांढऱ्या छतावरून परतणारा उजेड फार सुरेख पडतो. मात्र १५००डीच्या माथ्यावरच्या, फ्लॅश बसवायच्या खाचेत मधला संपर्कबिंदूच ठेवलेला नाही. त्यामुळे लग्नाच्या फोटोग्राफरांकडे असतात तसे कोणत्याही कॅमेऱ्यावर चालणारे जुने, साधे फ्लॅश यावर पेटत नाहीत. खास कॅननसाठी बनवलेला आणि या मॉडेलवर चालणारा फ्लॅशच घ्यावा लागतो. कोणाकडून उसना आणण्याचा बेत असेल, तर आधी हे तपासावे.

एलईडी दिव्यांबद्दल एक गोष्ट अनुभवानंतर कळली. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण अडीचशेव्या भागाचा शटर कधी तेज क्षण पकडतो, कधी मंद, आणि लागोपाठच्या तीन फोटोंत मुलीचा फ्रॉक तीन रंगांचा येतो. असे दिसू लागले की शटर शंभराव्या भागावर आणावा, रंग स्थिरावतात. बारशाच्या हॉलमधल्या माळा याबाबतीत सर्वांत वाईट.

व्हिडिओसाठी हा कॅमेरा घेऊ नये. १०८०पी मिळते, पण चित्रण चालू असताना फोकस आपणहून हलत्या माणसामागे जात नाही आणि बाहेरचा माइक जोडायला जागाच नाही. पाळण्याची गाणी मी फोनवरच घेते.

बॅटरी एका दमात सुमारे ५०० फोटो देते, तेही डोळा व्ह्यूफाइंडरला लावून. मागच्या पडद्यावर बघत काढले तर निम्म्याहून कमी. पडद्यावर बघत काढू नयेत याचे दुसरे कारण असे, की तेव्हा फोकस लागायला इतका वेळ जातो की मूल खोलीबाहेर गेलेले असते. वायफायवरून फोटो फोनवर घेता येतात. मात्र कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते नेहमीसारखे टाकले, तर दाबून लहान होतात आणि मग मावशी विचारतात, "एवढा पैसा घालून वेगळे काय आले?" डॉक्युमेंट म्हणून पाठवले की मूळ फोटो पोचतो.

प्रिंट काढणाऱ्यांसाठी या कॅमेऱ्याचा एक गुण क्वचितच सांगितला जातो. त्याचा फोटो तीनास दोन या प्रमाणात असतो आणि सहा बाय चारचा कागदही त्याच प्रमाणात. फोनचा फोटो बहुधा चारास तीन असतो, त्यामुळे आडवा फोटो कागद भरून छापताना उंचीचा नववा हिस्सा कापला जातो. लॅबमधला माणूस घाईत असेल तर वरून डोक्यावरचा मुंडावळ्यांचा पट्टा जातो किंवा खालून पावले.

डोंबिवलीच्या पावसाळ्यात कॅमेरा कापडी पिशवीत, कपाटात ठेवणे म्हणजे लेन्सला बुरशीचे आमंत्रण. माझ्या एका जुन्या, दुसऱ्याकडून घेतलेल्या लेन्समध्ये एकाच मोसमात कोळिष्टकासारखे धागे पसरले होते आणि सफाईचा खर्च तिच्या किमतीपेक्षा जास्त निघाला. आता कॅमेरा आणि दोन्ही लेन्स हवाबंद झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, निळ्या सिलिका जेलच्या पुडीसह राहतात. दाणे गुलाबी झाले की ओलावा प्यायले असे समजावे आणि कढईत मंद आचेवर परतून पुन्हा निळे करावे. ती कढई मात्र स्वयंपाकाला परत वापरू नये. आमच्याकडे हा डबा बेसनाच्या डब्याशेजारी असल्याने त्यावर मोठ्या अक्षरांत "खाऊ नाही" असे लिहिलेले आहे.

आज कोणी याच मर्यादेत कॅमेरा घेत असेल, तर मी आधी ईओएस आर१०० हातात घेऊन पाहायला सांगेन. २०२३ साली आलेला हा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, कॅमेरा बॅटरी-कार्डासह ३५६ ग्रॅमचा आहे, २४.१ मेगापिक्सेलचाच आहे आणि चेहरा व डोळा ओळखून फोकस धरून ठेवतो, जे धावत्या मुलांच्या बाबतीत फार मोठे काम आहे. पण त्याच्यासोबतची १८-४५ लेन्स १८लाही एफ/४.५पर्यंतच उघडते, म्हणजे आमच्यासारख्या हॉलमध्ये ती आणखी अंधारी. तिथेही वेगळ्या एफ/१.८ लेन्सचा खर्च आधीच धरून ठेवावा लागेल. त्याचाही पडदा वळत नाही. वळणारा पडदा हवा असेल तर डीएसएलआरमध्ये, म्हणजे १५००डीसारख्या आरसा असलेल्या कॅमेऱ्यांत, २००डीची दुसरी आवृत्ती आहे, तिची किंमत चढी. उलट बाजूला, थोडे पैसे वाचतात म्हणून ३०००डीकडे वळू नये : १८ मेगापिक्सेल हा त्याचा दोष नाही, पण लेन्स अडकवायची कडी प्लास्टिकची आहे आणि व्ह्यूफाइंडरमध्ये चष्म्याच्या नंबरप्रमाणे जुळवणी करण्याची सोयच नाही. आमच्या घरात चारपैकी तीन माणसे चष्मेवाली आहेत. १५००डी चांगल्या स्थितीत, बिलासह, वापरलेला मिळत असेल आणि उरलेल्या पैशांत ५० बसत असेल, तर तोही व्यवहार मला शहाणपणाचा वाटतो.

चार वर्षांत साडेनऊ हजार फोटो निघाले आणि त्यांत मी स्वतः फार तर साठ फोटोंत असेन. त्यावर उपाय कॅमेऱ्यातच होता आणि मला तो गेल्या वर्षी दिसला : सेल्फ टायमरच्या यादीत दहा सेकंदांनंतर लागोपाठ दोन ते दहा फोटो काढणारा पर्याय आहे. सासूबाईंच्या पंच्याहत्तरीला कॅमेरा फ्रिजवर ठेवला, लेन्स १८वर, टायमर पाच फोटोंवर, आणि धावत जाऊन दिवाणाच्या कडेला बसले. पहिल्यात दिरांचे डोळे मिटलेले आहेत, दुसऱ्यात मुलगी खाली वाकली आहे, तिसऱ्यात यजमान "झाला का?" असे विचारताहेत. चौथा आम्ही छापून आणला. त्यात कडेला बसलेली मी चांगलीच रुंद दिसते.